उघडा पत्रा

आमच्या घरात दोघांचाही धंदा एकच, असं सासूबाई म्हणतात. मी घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवते, आमच्या ह्यांचं दोन गल्ल्या सोडून गॅरेज आहे. मी बायकांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं लपवते, हे गाड्यांचे पोचे काढतात. "दोघं मिळून लोकांना फसवता," असं म्हणून सासूबाई चहाचा दुसरा कप मागतात.

ह्यांना त्या गल्लीत जादूगार म्हणतात. नाव उगीच पडलेलं नाही. चेपलेली, खरचटलेली, तोंड फुटलेली गाडी ह्यांच्याकडे यायची आणि जाताना तिच्या मालकालाच ती आपली वाटायची नाही. पोचा नक्की कुठे होता हे कुणाला सांगता आलं तर तो ह्यांना अपमान वाटे. काम संपलं की हे डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवतात. तळव्याला जरा काही लागलं की पुन्हा पहिल्यापासून घासायला सुरुवात. माझ्या गालावरून इतक्या मायेने हात फिरवल्याचं मला आठवत नाही, पण ते असो.

अशा माणसाच्या दारात स्वतःची गाडी मात्र नव्हती. एक स्कूटर होती, आणि तिच्यावर बसायला सासूबाईंच्या गुडघ्यांनी केव्हाच नकार दिला होता. शेजाऱ्यांच्या बुटक्या गाडीत बसवलं तर त्या म्हणायच्या, "विहिरीत उतरवताय का मला?" त्यांना उंच सीट हवी होती, नुसतं मागे टेकून आत सरकता येईल अशी. माझंही स्वप्न होतंच, खोटं कशाला बोलू. त्या छोट्या एसयूव्ही दिसतात ना रस्त्यावर, पुढून रागावलेल्या आणि आतून ऐसपैस, त्यातली एक मला हवी होती. आम्ही माणसं तीन. पाचांच्या गाडीत दोन जागा रिकाम्या राहणार होत्या. पण त्या आमच्याकडे पहिल्यापासूनच रिकाम्या आहेत, त्यांची आता सवय झाली आहे.

शोरूममध्ये आम्ही दोनदा जाऊन आलो. सासूबाईंनी प्रत्येक गाडीच्या मागच्या सीटवर बसून पाहिलं, तिथली फुकटची कॉफी प्यायली आणि तिथल्या मुलीला "विचार करून सांगतो" असं माझ्याआधी सांगूनही टाकलं. मग एक दिवस हे जेवताना म्हणाले, "गाडी मिळाली. तुला हवी तशीच. वर्षसुद्धा झालेलं नाही तिला."

"कुठे मिळाली?"

"भंगारवाल्याच्या आवारात. थोडी ठोकलेली आहे."

"थोडी ठोकलेली गाडी भंगारात कशी गेली?"

"विमावाले आळशी असतात. त्यांनी हात वर केले. मी करतो ना."

"कुणाला लागलं बिगलं नव्हतं ना?"

"छे. पत्र्यालाच काय लागलं ते."

मी विश्वास ठेवला. नवऱ्यावर ठेवायचा नाही तर कुणावर ठेवायचा, आणि तेव्हा तोंडात घासही होता.

गाडी गॅरेजच्या मागच्या भागात ताडपत्रीखाली उभी राहिली. रोजचं काम उरकलं की हे तिच्याकडे वळायचे. मला पाहू द्यायचे नाहीत. "तू नवरीला अर्ध्या मेकअपमध्ये दाखवतेस का कुणाला?" असं विचारायचे. पुष्कळ महिने गेले. घरी यायचे तेव्हा भुवया रंगाने पांढऱ्या झालेल्या आणि चेहरा पहिलटकरणीच्या नवऱ्यासारखा. ह्यांना इतकं खुशीत मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

गाडी दारात आली तेव्हा सगळी गल्ली बाहेर आली. काळपट निळा रंग, त्यात समोरचं घर दिसायचं. सासूबाई मागे टेकल्या, आत सरकल्या, पाय उचलून घेतले आणि म्हणाल्या, "आता मला इथेच जेवायला आणून द्या." त्या दिवशी आम्ही उगीचच फिरलो. उंचावरून रस्ता वेगळा दिसतो. इतकी वर्षं ज्यांच्या चाकांची धूळ खाल्ली, त्यांच्या टपांकडे आता खाली बघता येत होतं. हे सुख फार चांगलं नसेल, पण सुख होतं.

ती बाई आली ती एका दुपारी. पार्लर रिकामं होतं, मी टॉवेलांच्या घड्या घालत होते. सत्तरीच्या आसपासची, अंगाने वाळलेली, डाव्या हाताची दोन बोटं न वाकणारी. सरळ आत येऊन खुर्चीत बसली, तीही आरशाकडे पाठ करून, एका बाजूला तिरपी.

"काय करायचं, मावशी? केस कापायचेत की रंग लावायचाय?"

"काही नको. बाहेर गाडी आहे ती कुणाची?"

"आमची."

"आमची पण," ती म्हणाली.

मी हसले. ती हसली नाही. "नंबर बघून आले. बाहेर पडले की मी गाड्यांचे नंबरच बघत असते, पोरी. कुणीतरी म्हणालं होतं, भंगारात गेली. मला वाटलंच, एवढी नवी गाडी कोण मोडून टाकेल. माझा लेक गेला तिच्यात. चालवत होता. मी मागे बसले होते."

घडी घातलेला टॉवेल मी उलगडला आणि त्याची पुन्हा घडी घातली. दुसरं काय करायचं ते सुचेना.

तेवढ्यात हे जेवायला आले. दारातच मी सांगितलं, "ह्या मावशी आपल्या गाडीच्या पहिल्या मालकाची आई." बस, एवढंच. ह्यांनी "काय?" विचारलं नाही, "कसं काय?" विचारलं नाही. नुसते खाली बघत राहिले, आणि तेव्हाच मला कळलं की ह्यांना सगळं माहीत होतं. ज्या माणसाने तो पत्रा हाताने सरळ केला, त्याला माहीत नसणार तर कुणाला?

"तुम्ही नीट केलीत?" बाईने विचारलं.

"हो."

"मला तिच्यात बसू द्याल? माझ्या जागेवर?"

ती मागे बसली, ड्रायव्हरच्या पलीकडच्या बाजूला. सीटवरून हात फिरवला, खिडकीचं बटण दाबून पाहिलं, वर टपाकडे पाहिलं. काहीतरी शोधत होती आणि ते सापडत नव्हतं. मग ह्यांना म्हणाली, "तुम्ही पुढे बसता का? त्याच्या जागी. नुसतं बसायचं. समोर बघत."

हे बसले. मी दार धरून उभी होते. ह्यांच्या डोक्याकडे ती पाहत राहिली. मग म्हणाली, "त्याला नुकतंच टक्कल पडायला लागलं होतं. मागे, एवढंसं. त्याला ठाऊक नव्हतं, मीच मागून बघायची."

"आमच्या ह्यांचं पडून झालंय," मी म्हणाले. काहीतरी बोलायला हवं होतं. ती चक्क हसली. हेही हसले, आणि हसत हसत तिच्याकडे पाहायला मान वळवू लागले.

"मागे बघू नका!"

गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल तिचा आवाज. ह्यांची मान अर्धी वळून तशीच थांबली, मग हळूहळू समोर झाली. दोन्ही हात आपोआप स्टिअरिंगवर गेले.

मग ती बोलली ते अगदी साध्या आवाजात. "मी त्याच्यावर चिडले होते. काय कारण होतं ते आता सांगायच्याही लायकीचं नाही. तो हूं हूं करत होता. मी म्हटलं, आईशी बोलताना जरा तोंड इकडे करावं माणसाने. एवढं म्हटल्याचं आठवतं. त्यानंतर तो वळला की नाही, ते आठवत नाही. समोरून ट्रक आला, एवढंच सगळे सांगतात. तो माझ्याकडे बघत होता की रस्त्याकडे, ते कोण सांगणार? गाडीत आम्ही दोघंच. म्हणून म्हटलं, इथे बसले तर आठवेल."

"आठवलं?" मी विचारलं.

तिने पुन्हा सगळीकडे पाहिलं. "इथे तर काहीच झालेलं नाही," ती म्हणाली. "सगळं नवंच्या नवं आहे. फार छान काम केलंत हो तुम्ही."

ह्यांच्या कामाचं कौतुक पुष्कळांनी केलं असेल. पण कौतुक ऐकून ह्यांचा चेहरा असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

ती गेल्यावर आमचं जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण मी एकटीच बोलत होते. "पत्र्यालाच काय लागलं ते! हे शब्द तुमचे. मला त्याच्या जागेशेजारी बसवून फिरवून आणलंत, आणि मी मूर्ख केस उडवत बसले होते."

"सांगितलं असतं तर घेऊ दिली असतीस का?"

"नसती."

"म्हणूनच," हे म्हणाले, जणू काही हे उत्तरच झालं.

सासूबाईंनी तर जाहीर करून टाकलं की त्या गाडीची पायरी त्या पुन्हा चढणार नाहीत. "मला एवढी घाई नाही," म्हणाल्या. मीही म्हटलं, विकून टाका. हे म्हणाले, "विकू. पण त्या पुन्हा आल्या तर?"

आणि ती आलीच, पुढच्या रविवारी. मग दर रविवारी सकाळी येऊ लागली. मागे बसायची, हे पुढे समोर बघत बसायचे, गाडी दारातच उभी. कधी पंधरा मिनिटं, कधी तास. कधी ती बोलायची, बहुतेकदा गप्प असायची. आम्ही विचारायचो, "आज?" ती मान हलवायची. नाही आठवलं. तिचं घर कुठे हे विचारलं तर "बसने येते" म्हणायची. ह्यांनी सोडायला येतो म्हटलं तर तिने नको म्हटलं. चालू गाडीत तिला बसायचं नव्हतं.

सासूबाई दोन रविवार खिडकीतून पाहत राहिल्या. तिसऱ्या रविवारी काठी टेकत बाहेर आल्या आणि मागचं दुसरं दार उघडून म्हणाल्या, "सरक गं थोडी." दोघी म्हाताऱ्या मागे, हे पुढे चालकासारखे. सासूबाईंनी आपल्या गुडघ्यांची हकीकत सुरू केली. बाईने आपली न वाकणारी बोटं दाखवली. मग दोघींनी आपापल्या लेकांच्या लहानपणच्या खोड्या सांगितल्या. "हा तर अंगणातल्या खिळ्यांशी खेळायचा. एक गिळला पण होता," सासूबाई ह्यांच्या टकलाकडे बोट करून म्हणाल्या. ह्यांना उत्तर द्यायचं होतं, पण मान वळवायची नव्हती. गाडी विकायचा विषय आमच्याकडे कुणी पुन्हा काढला नाही. त्या दोन रिकाम्या जागांपैकी एक भरली होती, असं मला वाटायला लागलं होतं. असलं काही वाटायला लागलं की सावध व्हावं, हे मला या वयात तरी कळायला हवं होतं.

एका रविवारी ती आली आणि नेहमीसारखी आत बसली नाही. मागच्या दाराच्या मुठीखाली बोट फिरवत राहिली. वाकून पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तिथल्या मुठीखाली पाहिलं.

"काय शोधताय, मावशी?"

"माझी खूण. किल्लीने केली होती मी इथे, एवढीशी रेघ. गेल्या खेपेला." तिने ह्यांच्याकडे पाहिलं. "कुठे गेली?"

ह्यांच्या हातात पुसायचं फडकं होतं. ते ह्यांनी पाठीमागे घेतलं, चोरी करताना पकडलेल्या पोरासारखं. "ओरखडा होता," हे म्हणाले. "मला वाटलं, रस्त्यावरच्या कुणी... मी काढला. सोमवारीच काढला."

तो ओरखडा काढताना ह्यांनी विचार केला नसणार. ह्यांना विचार करावा लागतच नाही. सकाळी फडकं मारताना तळव्याला काहीतरी लागलं असेल, आणि पुढचं हातांनीच उरकलं असेल.

"म्हणजे ही ती नाही," बाई म्हणाली.

"तीच आहे मावशी. नंबर बघा ना."

"नंबर काय, कुणीही लावतं. तुम्ही ती विकलीत. म्हातारी सारखी सारखी येते, कटकट नको, म्हणून दुसरी आणून उभी केलीत. तशीच दिसणारी." तिचा आवाज चढत नव्हता, उलट बारीक होत चालला होता. "खरं सांगा, ही नवीच आहे ना? पहिल्या दिवसापासून मला वाटत होतं. त्याच्या गाडीत असते तर मला आठवलं नसतं का? मी उगीच दुसऱ्या कुणाच्या गाडीत येऊन बसत होते."

सासूबाई दारातून ओरडल्या, "अगं बाई, तुला फसवून आम्हाला काय मिळणार?" पण ती वळली होती. पिशवी खांद्याला लावून रस्त्याला लागली होती.

"थांबा," हे म्हणाले. "दोन मिनिटं थांबा, दाखवतो."

हे स्कूटरवरून गॅरेजला गेले आणि घासायचं मशीन घेऊन आले. वायर माझ्या पार्लरच्या खिडकीतून आत घेतली. ड्रायव्हरचं दार सताड उघडलं आणि दार ज्या खांबाला लटकतं त्या खांबाला मशीन लावलं.

ते मला बघवेना. इतके महिने थरावर थर चढवून, पाणी मारून, फुंकून, कुरवाळून केलेलं काम, आणि हे ते किंचाळत्या मशीनने खरवडत होते. आधी ती काळपट निळी चमक गेली. मग खालचा करडा थर. मग पुट्टीची पिवळट पूड ह्यांच्या भुवयांवर बसायला लागली. आणि मग पत्रा लागला. उघडा, पांढरा. त्यावर वीतभर लांब, आडवी, ओबडधोबड वेल्डिंगची रेघ होती. टाके घातलेल्या पोटासारखी.

मशीन बंद झालं.

"ही बघा. इथे दुमडला होता खांब," हे म्हणाले. "कापून जोडावा लागला. नव्या गाडीला अशी रेघ नसते. माझी शपथ आहे, तीच गाडी आहे."

रस्त्यात थांबलेली बाई परत आली. दोन न वाकणारी बोटं तिने त्या रेघेवर ठेवली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. मग रेघ आणि सीट यांच्यामध्ये किती अंतर आहे ते डोळ्यांनी पाहिलं. काहीच अंतर नव्हतं.

"तुम्ही तिला मोडलेली पाहिली होती," ती म्हणाली. "तुम्ही सगळं हाताने काढलंत. मग तुम्हाला कळलं असणार."

ह्यांनी हातातलं मशीन खाली ठेवलं.

"तो समोर बघत होता की माझ्याकडे?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. तिच्याकडे पाहायची माझी छाती नव्हती.

"समोर," हे म्हणाले. लगेच म्हणाले, जरासुद्धा न थांबता. "स्टिअरिंगचं चाक दोन्ही बाजूंनी सारखं वाकलं होतं. दोन्ही हात घट्ट असले, अंग सरळ असलं, तरच तसं वाकतं. वळलेल्या माणसाचं एकाच बाजूने वाकतं. तो समोरच बघत होता. त्याने ऐकलंच नव्हतं तुमचं."

"ऐकलं नव्हतं," ती म्हणाली.

"नसणार."

"तसाच होता तो. कधी ऐकायचा नाही माझं." असं म्हणून ती खाली, गाडीच्या पायरीवर बसली. रडली नाही. पदराने बोटांना लागलेली पिवळी पूड पुसली. सासूबाईंनी पाणी आणलं ते प्यायली. मग म्हणाली, "बरं." आणि उठून बस पकडायला गेली. त्या दिवशी ती आत बसली नाही.

मी ह्यांच्या हातावर पाणी घालत होते तेव्हा विचारलं, "खरंच दोन्ही बाजूंनी सारखं वाकलं होतं का हो?"

ह्यांनी साबण लावला, धुतला, पुन्हा लावला.

"अहो."

"टाकून दिलं ते चाक," हे म्हणाले. "कधीच टाकलंय."

आयुष्यात ह्यांनी एकही सुटा भाग टाकलेला मला माहीत नाही. गॅरेजच्या मागे गंजके बोल्टसुद्धा डब्यात भरून ठेवलेले असतात.

पुढच्या रविवारी सासूबाई सकाळपासून तयार होऊन बसल्या. हे ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसले. ती आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी नाही, नंतरही नाही. तिला उत्तर मिळालं म्हणून येत नसेल, असं मी म्हणते. सासूबाई म्हणतात, "तिला खोटं कळत नाही असं वाटलं का तुम्हाला? ती पण आईच आहे." आजारी असेल का, असेल की नसेल, हे विचारायला आम्हाला तिचा पत्ताही ठाऊक नाही.

खांब तसाच आहे. पहिल्यांदा मला वाटलं, हे लगेच रंग मारतील. मारला नाही. मी एकदा म्हटलं तर म्हणाले, "ती आली आणि तिला दिसलं नाही तर?" दवाने पत्रा आधी डागाळला, मग तांबडा झाला. आता गंज रेघेच्या दोन्ही बाजूंनी निळ्या रंगाखाली शिरतोय, रंगाला फोड येतात. हे रोज सकाळी गाडी पुसतात, आणि तेवढा भाग सोडून फडकं वळसा घालून पुढे जातं. गिऱ्हाइकं दारात येतात तेव्हा बघतात. "काय जादूगार, तुमच्याच गाडीला गंज?" हे म्हणतात, "काम चालू आहे."

आम्ही जातो कुठे कुठे. दवाखाना, बाजार, कधी कुणाकडे बारसं. सासूबाई हल्ली पुढे बसतात. मी मागे, तिच्या जागेवर. परवा सिग्नलला गाडी उभी होती. पुढे लाल दिवा, मागेपुढे कुणी नाही, धोका कसलाच नाही. मी म्हटलं, "अहो, जरा इकडे बघा ना."

ह्यांच्या टकलावर ऊन पडलं होतं. हात स्टिअरिंगवर घट्ट झाले.

"बोल," हे म्हणाले, समोर बघत. "ऐकतोय मी."